वंशावळीबाहेरचा पूर्वज : डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या कुलशोधाची साधने

मराठीतील वंशलेखनाचे मूळ वतनाच्या कागदांत आहे. पाटिलकी, कुलकर्ण किंवा जोसपण यांवरून भाऊबंदांत तंटा लागला की प्रत्येक पक्ष आपला करीना सादर करी, गोत बसे, महजर होई. आणि या साऱ्या व्यवहारात मूळपुरुषापासून वादी-प्रतिवादींपर्यंतची वंशावळ अपरिहार्यपणे मांडली जाई. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांकडे हक्काचा पुरावा मागितला जाऊ लागला, तेव्हा जुन्या पेट्या पुन्हा उघडल्या गेल्या व वंशावळी पुन्हा लिहिल्या गेल्या. विसाव्या शतकात छापून निघालेले कुलवृत्तांत ही याच परंपरेची पुढची अवस्था होय. वतन गेले, अभिमान उरला. पण मांडणीचा सांगाडा तोच राहिला. या सांगाड्यात व्यक्तीला जागा मिळते ती मुख्यतः तिच्यापासून पुढे कोणी जन्मले म्हणून. शाखा जिथे थांबते तिथे लेखनही थांबते.

अल्पायुषी पूर्वजाचा शोध अवघड होतो तो या रचनेमुळे. तरुणपणी निपुत्रिक वारलेल्या पुरुषाला निदान एक वाट मोकळी होती. मुंबई इलाख्यात प्रचलित असलेल्या हिंदू धर्मशास्त्रानुसार विधवेला पतीची स्पष्ट अनुज्ञा नसतानाही त्याच्या नावे दत्तक घेता येई. दत्तकाने वारसा चाले आणि वारशाबरोबर नावही चाले. दत्तकाला भाऊबंदांनी हरकत घेतली तर शोधकाचे भाग्यच म्हणावयाचे, कारण कोर्टाच्या कागदांइतकी घराण्याची तपशीलवार माहिती दुसरीकडे क्वचित मिळते. स्त्रीच्या बाबतीत हीही सोय नव्हती. दत्तक हा पुरुषाच्या वंशासाठी असे. स्वतःच्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार हिंदू स्त्रीला १९५६ च्या कायद्यापूर्वी नव्हता. अपत्यहीन वारलेली तरुण स्त्री माहेरच्या वंशावळीत सामान्यतः नोंदलीच जात नसे, आणि सासरच्या वंशावळीत पतीच्या नावापुढे कंसात आलीच तर येई.

डॉ. आनंदीबाई जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) यांचे उदाहरण या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या या पहिल्या महाराष्ट्रीय स्त्रीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तरी तिच्या कर्तृत्वापेक्षा तिच्या नोंदींकडे पाहिले असता एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. कुलशोधाची जी पारंपरिक साधने आहेत त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक साधन तिच्यापाशी येऊन अडखळते, आणि जी साधने उपयोगी पडतात ती तिच्या वंशाबाहेरच्या माणसांनी निर्माण केलेली आहेत. हे कसे घडते, आणि त्या साधनांचा उपयोग करताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

पहिली अडचण नावाची. कल्याणच्या गणपतराव जोशी यांची ही कन्या जन्मली तेव्हा तिचे नाव यमुना होते. नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाल्यावर ती आनंदी झाली. लग्नात वधूचे नाव बदलण्याची प्रथा सर्वत्र असल्यामुळे एकाच स्त्रीची माहेरची व सासरची नोंद ही दोन निराळ्या स्त्रियांची नोंद वाटणे हा मराठी कुलशोधातील नित्याचा अनुभव आहे. सहसा आडनाव तरी बदलते आणि त्या बदलाचा धागा धरून पुढे जाता येते. येथे तोही नाही. माहेर जोशी, सासरही जोशी. 'जोशी' हे मुळात व्यवसायनाम. ज्योतिष सांगणाऱ्या कोणत्याही गावच्या, कोणत्याही गोत्राच्या घराला ते मिळाले. त्यामुळे कल्याणचे जोशी आणि गोपाळरावांचे संगमनेरकडील जोशी यांचा एकमेकांशी कुलसंबंध नाही हे उघड असले, तरी केवळ आडनावावर विसंबणाऱ्याला ही दोन घरे वेगळी ओळखता येणार नाहीत. अशा वेळी गोत्र, कुलदैवत आणि गाव या तीन खुणा एकत्र पाहाव्या लागतात. यांपैकी गाव ही खूण सर्वांत ठिसूळ, कारण नोकरी करणारी माणसे गावे बदलतात. गोत्र सर्वांत चिवट.

जन्मस्थळाविषयीही असाच प्रश्न उद्भवतो. आनंदीबाईंच्या जन्माचे गाव म्हणून काही ठिकाणी कल्याण तर काही ठिकाणी पुणे दिलेले आढळते. बाळंतपण मातुलगृही करण्याची पद्धत ध्यानात घेतली म्हणजे अशा दुहेरी नोंदी का होतात हे कळते. 'कुठले?' या प्रश्नाचे उत्तर मराठी माणूस वडिलांचे गाव सांगून देतो. 'जन्म कुठे झाला?' याचे उत्तर पुष्कळदा आजोळ असते. चरित्रकोशात या दोन उत्तरांसाठी एकच रकाना असतो, आणि भरणाऱ्याने त्यांपैकी कोणते उत्तर भरले हे रकाना सांगत नाही.

जन्ममृत्यूची सरकारी नोंद येथे फारसा आधार देत नाही. जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा अखिल भारतीय कायदा १८८६ चा, आणि तोही ऐच्छिक स्वरूपाचा. त्यापूर्वी जन्मवेळेचा विश्वासार्ह पुरावा म्हणजे जन्मपत्रिका. ती उपलब्ध असेल तर तिच्यातील शकवर्ष, तिथी व वार यांचा मेळ घालून इंग्रजी तारीख काढावी लागते. हे काम यांत्रिक नाही. शकवर्षात वर्षारंभापासून डिसेंबरअखेर ७८ आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पौष, माघ, फाल्गुनातील घटनांची वर्षे चरित्रग्रंथांत एकाने चुकलेली दिसतात ती यामुळे. जुन्या वतनी कागदांत फसली सन असेल तर ५९० किंवा ५९१, आणि सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. ही दोन्ही वर्षे मृगाच्या सुमारास सुरू होतात. शिवाय आपला दिवस सूर्योदयापासून मोजला जातो, इंग्रजी दिवस मध्यरात्रीपासून. पहाटे तीन वाजता वारलेल्या माणसाची तिथी आदल्या दिवसाची आणि तारीख दुसऱ्या दिवसाची असते, आणि दोन्ही बरोबर असतात.

अर्थात सर्वच मतभेद रूपांतराच्या चुकीतून येत नाहीत. केशवसुतांची जन्मतारीख १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशी दोन प्रकारे दिली जाते. हे अंतर जवळजवळ सात महिन्यांचे. ते एका दिवसाच्या किंवा एका वर्षाच्या गणिती फरकाने उलगडत नाही. अशा ठिकाणी दोन तारखा दोन स्वतंत्र साधनांतून आल्या आहेत असे समजूनच पुढे जावे लागते. घरची पत्रिका आणि शाळेचा दाखला यांत अंतर पडणे ही त्या काळी सामान्य गोष्ट होती. शाळेत घालताना वय अंदाजाने किंवा सोयीने सांगितले जाई. ३९ वर्षांच्या आयुष्यात सात महिने थोडे नव्हेत. अल्पायुषी माणसाच्या चरित्रात अशा लहान अंतरालाही मोठे वजन येते.

आनंदीबाईंच्या मृत्युसमयीच्या वयाविषयीचा घोळ मात्र निव्वळ मोजण्याच्या रीतीचा आहे. कुठे २१ तर कुठे २२ असे वय छापलेले दिसते. त्या वारल्या तेव्हा बाविसावा वाढदिवस ३३ दिवसांवर होता; म्हणजे २१ पूर्ण आणि बाविसावे चालू. मराठी वळण चालू वर्ष सांगण्याचे, इंग्रजी वळण पूर्ण झालेली वर्षे सांगण्याचे. 'बाविसाव्या वर्षी वारल्या' हे विधान खरे आहे. त्याचे 'वय वर्षे २२' असे रूपांतर झाले की ते खोटे होते. त्यांच्या विवाहाचे आणि प्रसूतीचे जे वय सांगितले जाते त्यालाही हा निकष लावून पाहायला हवा.

त्या प्रसूतीची हकिकत तर कुलशोधाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता ही जाणीव पुढे त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयामागे होती, असे सर्व चरित्रकार नोंदवितात. परंतु वंशावळीच्या भाषेत या मुलाला अस्तित्वच नाही. बारसे बाराव्या दिवशी व्हायचे. दहाव्या दिवशी गेलेल्या मुलाला नाव नसते. इतक्या लहान अर्भकाचे दहन होत नाही, श्राद्ध होत नाही, सुतकाचाही नियम वेगळा. शाळेचा दाखला, मुंजीचा खर्च, पत्रिका, तीर्थोपाध्यायाच्या वहीतील उल्लेख, यांपैकी काहीही त्याच्यामागे राहणे शक्य नव्हते. तो आज ज्ञात आहे तो आईच्या चरित्रामुळे. एरवी अपत्याच्या द्वारे आईचे नाव वंशावळीत टिकते. येथे आईच्या कीर्तीमुळे अपत्याची दहा दिवसांची नोंद टिकली आहे.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा येथे ओझरता उल्लेख आला, त्याविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया येथील उपाध्यायांकडे गाव व आडनाव यांनुसार लावलेल्या नामावळ्या असतात. यात्रेस आलेला कुटुंबप्रमुख आपल्या हाताने बाप, आजा, पणजा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहितो, पूर्वी कोण येऊन गेले ते पाहतो आणि खाली सही करतो. अनेक घरांच्या बाबतीत हे सर्वांत जुने स्वहस्तलिखित ठरते, बहुधा मोडीत. स्त्रियांची नावे या वह्यांत येतात, परंतु प्रायः आई किंवा पत्नी म्हणून, आणि त्या स्वतः यात्रेत असतील किंवा त्यांच्या नावे काही कृत्य करावयाचे असेल तर. जो माणूस दोन यात्रांच्या मधल्या काळात जन्मला आणि वारला तो या वह्यांतून सहज निसटतो. अल्पायुषी व्यक्तीचा शोध घेताना ती वहीत सापडली नाही यावरून ती नव्हतीच असे अनुमान काढणे म्हणून धोक्याचे आहे.

जनगणनेचीही तीच गत. भारतात एकाच वेळी सर्वत्र घेतलेली पहिली जनगणना १८८१ ची. तिची कोष्टके छापली गेली, पण घरोघरच्या याद्या जतन झाल्या नाहीत. अमेरिकेतील १८८० च्या जनगणनेच्या घरवार याद्या उपलब्ध आहेत. परंतु आनंदीबाई तेथे पोहोचल्या १८८३ मध्ये आणि परतल्या १८८६ मध्ये. १८९० च्या अमेरिकी याद्या तर १९२१ च्या आगीने बहुतांशी नष्ट केल्या. म्हणजे दोन्ही देशांतील शिरगणतीच्या मधल्या फटीत हे आयुष्य बसले आहे.

अशा स्थितीत उपयोगी पडतात ती नोकरीच्या मार्गाने निर्माण झालेली साधने. गोपाळराव टपाल खात्यात होते. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता, श्रीरामपूर असा त्यांच्या बदल्यांचा मार्ग दिसतो, आणि आनंदीबाईंच्या शिक्षणाचा मार्गही तोच आहे. पतीच्या बदल्यांच्या आधारे पत्नीच्या वास्तव्याच्या तारखा ठरविणे ही वसाहतकाळातील नोकरदार कुटुंबांच्या बाबतीत एक उपयुक्त पद्धत आहे. यातील श्रीरामपूर म्हणजे बंगालमधील, जेथे विल्यम कॅरीच्या मुद्रणालयातून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापून निघाले ते गाव. तेथील कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी आपल्या परदेशगमनाचे समर्थन करणारे इंग्रजी भाषण केले. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्क येथे उतरल्या.

या प्रवासाला कारण झालेल्या पत्रव्यवहाराचा उगमही टपालातच आहे, आणि तो काहीसा योगायोगाचा आहे. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे पत्र गोपाळरावांनी पूर्वी कोल्हापुरात काम केलेल्या वाइल्डर या मिशनऱ्यास लिहिले. वाइल्डर यांनी ते आपल्या नियतकालिकात, धर्मांतराची अपेक्षा सूचित करणाऱ्या उत्तरासह, छापले. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडोशिया कार्पेंटर यांच्या दृष्टीस तो अंक दंतवैद्याकडे वाट पाहत असताना पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, उत्तर आले, आणि दोन परक्या स्त्रियांत मावशी-भाचीचे नाते जुळले. कुलशोधकाने या 'मावशी' शब्दापाशी थांबावे. हे मानलेले नाते आहे, रक्ताचे नव्हे. कोणत्याही वंशावळीत त्याला रेघ नाही. तरीही आनंदीबाईंचे विचार, आजार, आहार, पोशाख, घरातील मतभेद यांविषयीचा पहिल्या दर्जाचा पुरावा ज्या पत्रांत आहे ती पत्रे या नात्यापोटी लिहिली गेली आणि या नात्यापोटी जपली गेली. माहेरच्या किंवा सासरच्या घरातून असा पत्रसंग्रह उभा राहिला नाही.

नात्याच्या शब्दांचा दुसरा प्रश्न कॅरोलाइन डॉल यांच्या चरित्रग्रंथाने उभा केला आहे. १८८८ मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच आनंदीबाईंची ओळख पंडिता रमाबाईंची नातलग अशी करून दिली आहे. रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत आल्या होत्या आणि त्या वेळी तेथे त्यांचे नाव गाजत होते. ग्रंथनामातील या उल्लेखाला त्या प्रसिद्धीचाही संदर्भ आहे हे उघड आहे. परंतु इंग्रजीतील तो शब्द कोणत्याही आप्तस्त्रीला लागू होतो. मराठीला तेवढ्याने भागत नाही. चुलत, मावस, आत्ते, मामे. सख्खे, सावत्र, दूरचे. माहेरच्या बाजूने की सासरच्या. यांतील निवड केल्याशिवाय मराठीत नाते सांगताच येत नाही. रमाबाई जन्माने डोंगरे, विवाहाने मेधावी. आनंदीबाई दोन्हीकडून जोशी. अशा वेळी इंग्रजी ग्रंथातील 'नातलग' हा शब्द मराठी चरित्रात सरळ 'चुलत बहीण' किंवा 'भाची' असा उतरवणे म्हणजे नवा पुरावा निर्माण करणे होय. इंग्रजी साधनांवरून मराठी कुलवृत्त लिहिताना होणाऱ्या चुकांत ही चूक सर्वांत सहज होते आणि सर्वांत उशिरा सापडते.

डॉल यांच्या ग्रंथनामात आणखी एक गोष्ट आहे. तेथे नाव 'आनंदाबाई' असे पडले आहे, आणि 'जोशी'च्या शेवटी रोमन लिपीतील 'ई' हे अक्षर दोनदा आले आहे. वसाहतकाळात मराठी नावांचे रोमन रूप ठरलेले नव्हते. ज्याने त्याने कानाला येईल तसे लिहावे अशी स्थिती होती. त्यामुळे परदेशी दप्तरांत शोध घेताना एकाच रूपावर अडून बसता येत नाही. उतारूंच्या याद्या, महाविद्यालयाची नोंदवही, वृत्तपत्रे यांत प्रत्येकाने स्वतःचा कान वापरलेला असतो. गंमत अशी की आनंदीबाईंच्या स्मरणार्थ शुक्र ग्रहावरील एका विवराला जे नाव देण्यात आले आहे तेही दोन 'ई' असलेल्या त्याच रूपात आहे.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे दप्तर हे या शोधातील सर्वांत भक्कम साधन म्हणता येईल. १८५० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे कागद आज तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. चौदाव्या वर्षी मूल गमावलेल्या विद्यार्थिनीने निवडलेला हा विषय आहे, आणि त्याची मांडणी मात्र व्यक्तिगत नसून शास्त्रग्रंथांच्या आधारे केलेली आहे. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचे एक छायाचित्रही या संस्थेशी निगडित आहे. त्यात साडीतील आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या सबात इस्लामबुली आहेत. प्रत्येकीचे नाव व देश खाली नोंदलेला आहे. आपल्याकडील त्या काळच्या कौटुंबिक छायाचित्रांत स्त्रियांची नावे लिहून ठेवण्याची पद्धत असती तर कुलशोधकांचे कितीतरी श्रम वाचले असते. केशवसुतांसारख्या कवीचे तर विश्वसनीय छायाचित्रच नाही.

परतल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात काम करण्याची नेमणूक आनंदीबाईंची वाट पाहत होती. क्षयाने ती प्रत्यक्षात येऊ दिली नाही. पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. पतीच्या हयातीत वारलेल्या स्त्रीचे श्राद्ध भाद्रपदातील अविधवा नवमीला करतात. पुढे पतीही निवर्तला म्हणजे ते थांबवावे असा एक पक्ष आहे. गोपाळराव १९१२ पर्यंत हयात होते. अपत्य नसलेल्या स्त्रीचे नाव घरातील धर्मकृत्यात किती काळ उच्चारले जाते, याची मर्यादा या प्रथेतून कळते. वंशलेखनाची आणि श्राद्धविधीची स्मृती एकाच तत्त्वावर चालते. दोन्हींना पुढे कोणीतरी असावे लागते.

आनंदीबाईंच्या रक्षेचा काही भाग अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आला आणि त्यांनी तो न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवला. तेथे त्यांच्या नावाचा दगड आहे. त्यावर जन्म-मृत्यूची वर्षे, वैद्यकीय पदवी आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळख कोरलेली आहे. येथेही नाव 'आनंदाबाई' असेच. कोणत्याही मराठी कुटुंबाच्या दप्तरात न आलेली ही नोंद एका अमेरिकी कुटुंबाच्या थडग्यांत, त्या कुटुंबाची सदस्य म्हणून, आली आहे. दफनभूमीच्या जागांची नोंदवही मालक कुटुंबांच्या नावाने ठेवलेली असते; म्हणजे तेथेही 'जोशी' या नावाखाली शोध घेणाऱ्यास ही जागा प्रथमदर्शनी सापडेलच असे नाही.

मराठीतील पहिले विस्तृत चरित्र काशीबाई कानिटकर यांनी आनंदीबाईंच्या निधनानंतर चार-पाच वर्षांच्या आत सिद्ध केले. समकालीन स्त्रीने स्त्रीचे, पत्रांच्या आधारे लिहिलेले हे चरित्र साधन म्हणून मोलाचे आहेच. परंतु त्यामागील पत्रसंग्रह गोपाळरावांकडून आला हे विसरता येत नाही. गोपाळरावांचा स्वभाव विक्षिप्त, लोकांना डिवचण्यात आनंद मानणारा. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानामागे आणि उपस्थितांची नावे वृत्तपत्रात जाहीर होण्यामागे हेच गृहस्थ होते. त्यातून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले. ज्याच्या हातून साधने आली त्याची प्रकृती ही साधनपरीक्षणातील बाब ठरते. तुलनेसाठी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण घेता येईल. ते १८८२ मध्ये, वयाची ३२ वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी वारले. त्यांचे चरित्र बंधू लक्ष्मण कृष्ण चिपळूणकर यांनी १८९४ मध्ये लिहिले. तेथे घरातील कागद घरातल्या माणसाने पाहिले, म्हणून वंशवृत्ताचा भाग भक्कम आहे. भावाची भक्तीही तितकीच भक्कम आहे. आनंदीबाईंच्या बाबतीत भाऊ लिहिता झाला नाही. एका बाजूला मानलेली मावशी व तिच्या पत्रांचा उपयोग करणारी बॉस्टनची लेखिका, दुसऱ्या बाजूला पती व त्याने पुरविलेल्या पत्रांवर काम करणारी पुणेरी वर्तुळातील लेखिका. एकाच प्रसंगाचे दोन्हीकडील वृत्तान्त समोरासमोर ठेवल्याशिवाय कोणतेही विधान पक्के मानता येत नाही.

या साधनांवर १९६८ नंतर एक दाट सावली पडली आहे, ती श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीची. कादंबरी म्हणून तिचे यश वादातीत आहे. तिच्यावरून नाटक झाले. २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. परंतु तिच्यातील संवाद, घरातील प्रसंग, सासू-सासऱ्यांचे आणि आजीचे चित्रण आज सर्वसामान्य वाचक चरित्र म्हणून सांगतो. कुलशोधात मौखिक परंपरेला महत्त्व असते. घरातील वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात असा उपदेश प्रत्येक कुलवृत्तांताच्या प्रस्तावनेत असतो. एखाद्या पूर्वजावर लोकप्रिय कादंबरी लिहिली गेली की त्यानंतर घेतलेल्या आठवणीत कादंबरीचा अंश किती, हे वेगळे काढणे दुष्कर होते. त्यासाठी एक साधी कसोटी लावता येते. सांगितली जाणारी आठवण कादंबरीपूर्व लिखित साधनात, म्हणजे काशीबाईंच्या किंवा डॉल यांच्या ग्रंथात अथवा मूळ पत्रांत, आढळते का हे पाहावे. आढळत नसेल आणि कादंबरीत आढळत असेल, तर ती आठवण कादंबरीची आहे असे समजून बाजूला ठेवावी. अंजली कीर्तने यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनपर चरित्रात आणि पुढे मीरा कोसंबी यांच्या लेखनात मूळ कागदांकडे परत जाण्याचा मार्ग अनुसरला आहे, तो यासाठी महत्त्वाचा आहे.

कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्त्यांत अलीकडे कन्यांनाही स्वतंत्र क्रमांक दिले जाऊ लागले आहेत. असा क्रमांक उद्या कल्याणच्या जोशी घराण्यात यमुनेला मिळाला, तर तिच्या नोंदीत विवाहोत्तर नाव, पतीचे गोत्र व गाव, बारशापूर्वी गेलेल्या मुलाचा उल्लेख, पदवीची तारीख, पुण्यातील मृत्यू आणि पोकिप्सीतील दगड ही सारी माहिती यावी लागेल; आणि प्रत्येक बाबीपुढे ती कोणाच्या हातच्या कागदावरून घेतली हेही लिहावे लागेल. त्यांतील निम्म्याहून अधिक कागद तिच्या मावशीने आणि तिच्या महाविद्यालयाने जपलेले निघतील.